पंधरा मुलं, तीस घास, पंच्याऐंशी कॅलरी

बुंदी आमची पाच वर्षांची लॅब्रॅडॉर. थेरपी डॉग म्हणून, म्हणजे माणसांना सोबत आणि उभारी द्यायला, बुधवारी ती कोल्हापुरातल्या एका विशेष मुलांच्या शाळेत जाते आणि शनिवारी सकाळी एका वृद्धाश्रमात. मुलं तिच्या अंगावर ब्रश फिरवतात, तिला शेजारी बसवून धडा वाचून दाखवतात, पण सगळ्यांत जास्त भांडणं होतात ती तिला खाऊ कोण देणार यावरून. जून २०२४ पासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत आम्ही तिला चालेल असा खाऊ शोधण्याच्याच मागे लागलो होतो. पुण्यामुंबईत या कामातली माणसं सापडतात. इथे बरंचसं आपलं आपण जुळवावं लागतं. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते.

शाळेचा नियम असा की येणाऱ्या कुत्र्याची दरवर्षी तपासणी झाली पाहिजे. ती करणाऱ्या प्रशिक्षक बाई पुण्याहून येतात. जून २०२४ मध्ये त्या आल्या, बुंदीला बसवलं, उठवलं, गर्दीतून चालवलं, अचानक भांडं आपटून बघितलं. वागणुकीत काही खोट निघाली नाही. मग त्यांनी तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हिला चाकाच्या खुर्चीपाशी अर्धा तास उभं राहायचं असतं. एवढ्या वजनाने ती दहा मिनिटांत बसणार." वर्षभराच्या परवानगीचं पत्र त्यांनी राखून ठेवलं. अटी दोन: जनावरांच्या डॉक्टरांचा वजनासह फिटनेस दाखला, आणि भेटीत कोणता खाऊ, किती, कसा दिला जाईल याचा लेखी कागद, शाळेच्या सहीशिक्क्याने. तोवर भेटी चालू, पण चाचणीपुरता सोडून खाऊ बंद.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. काट्यावर आकडा आला ३४.६ किलो. दोन वर्षांपूर्वी, नसबंदीच्या आधी, ती २८ होती. डॉक्टरांनी मला घरी करता येईल अशी परीक्षा शिकवली. हाताची मूठ वळून बोटांच्या गाठींवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा: बरगड्या अशा टोचत असतील तर कुत्रं वाळलंय. हात सरळ ठेवून त्याची वरची बाजू चाचपा: तेवढं जाणवलं तर बरोबर. आणि तळव्याच्या मांसल भागासारखं लागलं तर चरबी. बुंदी तळवा होती. नऊ गुणांच्या मापावर त्यांनी सात लिहिले. चार-पाच हे चांगले.

नसबंदीनंतर शरीराला ऊर्जा कमी लागते आणि भूक मात्र वाढते, हे त्यांनी सांगितलं. थायरॉइड मंद असेल तरीही असंच वजन वाढतं, म्हणून रक्त घेतलं. नमुना बाहेरगावी गेला, रिपोर्ट यायला आठवडा लागला. तपासणी फी ४०० आणि रक्ताचे २,१०० रुपये. रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा हायसं वाटलं आणि थोडी निराशाही झाली. गोळीने भागलं असतं तर सोपं होतं.

"लॅब्रॅडॉर आहे ना," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी सांगितलेली गोष्ट मी नंतर सविस्तर वाचली. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये या जातीत पीओएमसी नावाच्या जनुकातला एक दोष शोधला. तो असलेल्या कुत्र्याला पोट भरल्याचा निरोप नीट पोचत नाही. त्यांनी तपासलेल्या साध्या लॅब्रॅडॉरपैकी साधारण पावभागात तो होता; पण मदतनीस कुत्र्यांच्या पैदाशीत मात्र जवळजवळ तीन चतुर्थांशांत. कारण बहुधा असं. खाऊसाठी काहीही करायला तयार असलेलं कुत्रं पटकन शिकतं, आणि तेच अशा कामाला निवडलं जातं. म्हणजे ज्या गुणामुळे बुंदी मुलांसमोर शहाण्यासारखी बसते, त्याच गुणामुळे ती काट्यावर जड होत असावी. तिची जनुकं आम्ही तपासलेली नाहीत, पण हे वाचल्यापासून तिच्या हावरटपणाचा राग येत नाही.

आता हिशेब. तो प्रत्येकाला घरी करता येतो, म्हणून पूर्ण देते. कुत्र्याचं जे वजन असायला हवं ते घ्या, तीनदा गुणा (२८ × २८ × २८), उत्तराचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा, आणि ७० ने गुणा. बुंदीचं उत्तर आलं साधारण ८५०. वजन उतरवताना दिवसाला एवढ्याच कॅलरी द्यायच्या असं डॉक्टरांनी ठरवलं. यातल्या जास्तीत जास्त दहा टक्के खाऊच्या, बाकी सगळ्या रोजच्या जेवणाच्या. दहा टक्के म्हणजे ८५. पाच ग्रॅमचं एक ग्लुकोज बिस्कीट साधारण २२ कॅलरींचं असतं. म्हणजे चार बिस्किटांत दिवस संपला. वर्गात पंधरा मुलं, आणि प्रत्येकाला निदान दोनदा द्यायचंच असतं. तीस घास. एका घासाच्या वाट्याला तीनपेक्षा कमी कॅलरी.

जेवणाबद्दल थोडक्यात: नेहमीचंच खाणं निम्मं करू नका, असं डॉक्टर म्हणाले, कारण त्याबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही निम्मी होतात. वजन उतरवण्यासाठीचं वेगळं खाणं आणलं, किलोला साडेआठशे रुपये. दिवसाला २४० ग्रॅम, म्हणजे महिन्याला सहा हजारांच्या वर. हे जड गेलं, लपवत नाही. साडेचारशे रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मात्र सगळ्यांनी घ्यावा. वाटीच्या मापात रोज वीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे होतात.

जुलैमध्ये शाळेत गेले ती खाऊची संख्या कमी करा हे सांगायलाच. तिथल्या ओटी मॅडमनी, म्हणजे मुलांकडून रोजच्या कामांचा सराव करून घेणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, मला थांबवलं. मुलांसाठी खाऊ देणं हाच व्यायाम आहे, त्या म्हणाल्या. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून छोटी वस्तू उचलायची, ती न पाडता न्यायची, मग मूठ उघडून सोडायची. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी असणं) असलेल्या मुलाला यातली शेवटची पायरी सगळ्यांत अवघड जाते. टेबलावरचे मणी उचलायला जो मुलगा कुरकुरतो तो बुंदीसाठी तेच काम वीसदा करतो. "संख्या कमी करू नका. तुकडा लहान करा. लहान तुकड्यावरही कुत्रं खूश असतं."

माझ्या सगळ्या पुढच्या शोधाचा धागा इथे मिळाला. पण पाठोपाठ त्यांनी दुसरी अट घातली: यातली काही मुलं हातात आलेलं तोंडात घालतात. म्हणजे खाऊ असा हवा की मुलाने खाल्ला तरी चालेल, आणि घशात अडकणार नाही. काही मुलांना गिळायलाच त्रास असतो.

या एका अटीने बाजारातला बहुतेक माल बाद झाला. डुकराच्या सुकवलेल्या कानांच्या चकत्या, कातड्याच्या कांड्या हे मुलांच्या हातात द्यायला चांगलं नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये डुकराच्या सुकवलेल्या कानांमधून माणसांत साल्मोनेलाची लागण झाली होती. कच्च्या मांसाचा तर प्रश्नच नाही. अमेरिकेतलीच पेट पार्टनर्स ही थेरपी प्राण्यांची मोठी संस्था कच्चं मांस खाणाऱ्या प्राण्याची नोंदणीच करत नाही, कारण तो ज्यांना चाटणार त्यांची प्रतिकारशक्ती कमी असू शकते. पिनट बटरची बिस्किटं मुलांच्या शेंगदाण्याच्या ॲलर्जीमुळे गेली. उरलेल्या पाकिटांवर कॅलरी छापलेल्या नसतात. त्या अशा काढायच्या: शंभरातून पाकिटावर लिहिलेले प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख (खनिजं) यांचे टक्के वजा केले की पिठूळ भाग उरतो (राख लिहिली नसेल तर सात धरा). मग प्रथिनं आणि पिठूळ भाग प्रत्येकी साडेतीनने, स्निग्धांश साडेआठने गुणून बेरीज करा. शंभर ग्रॅमच्या कॅलरी मिळतात. 'लाइट' लिहिलेल्या एका पाकिटातलं आठ ग्रॅमचं एकेक बिस्कीट २६ कॅलरींचं निघालं.

मग मी कपिलतीर्थ मार्केटला गेले. काकडी, गाजर, श्रावण घेवडा, दुधी, लाल भोपळा, सगळं पाव-पाव किलो. नेहमीच्या मावशींनी विचारलं, "एवढं थोडं थोडं कुणाला ओ ताई?" कुत्रीला म्हटल्यावर त्यांनी शेजारच्या गाळ्याला हाक मारली. "आता गं बया! कोल्हापुरात कुत्रं काकडी खातंय व्हय!" तेव्हापासून त्या घेवडा निवडून देतात, कोवळा, बुंदीच्या नावाने.

एका वेळी एकच नवा पदार्थ, मग तीन-चार दिवस थांबून पोट बघायचं, असा नेम केला. त्यामुळे जुलै-ऑगस्ट यातच गेले, आणि पावसाळाही तेव्हाच ऐन भरात. काकडी शंभर ग्रॅमला जेमतेम १५ कॅलरी. घरी आवडीने खाल्ली, शाळेच्या गोंगाटात जमिनीवर टाकून दिली. दुधीचंही तेच. गाजर ४०, गोड असल्याने लगेच पटलं, पण कच्च्या गाजराची गोल चकती लहान मुलाच्या घशात नेमकी अडकते, म्हणून ओटी मॅडमनी तिच्यावर काट मारली. वाफवून, उभं चिरून, मग बारीक तुकडे केले तर चालेल म्हणाल्या. लाल भोपळा २६, उकडल्यावर बोटांना चिकटतो, मुलं हात झटकतात. सफरचंद ५२, बी काढून. चालतं, पण पाऊण तासात काळं पडतं आणि मुलं "कुजलं" म्हणतात. मखाणे हलके असल्याने मला फार आशा होती. जुलैच्या हवेत डबा उघडल्यापासून दहा मिनिटांत त्यांचं रबर झालं. चिरमुरे तर आपल्याकडे हाताशी असतात, पण खारे असतात, आणि मुलांच्या हातून दहा एकदम पडतात.

सगळ्यांवर मात केली घेवड्याने. शंभर ग्रॅमला ३०-३१ कॅलरी. शिरा काढून, मऊ होईपर्यंत उकडून, कोरड्या फडक्यावर पसरून, अर्ध्या बोटपेराएवढे तुकडे. एक तुकडा ग्रॅमभर, म्हणजे एक तृतीयांश कॅलरी. तीस तुकडे दिले तरी दहाच कॅलरी. हात चिकट होत नाहीत, चुरा पडत नाही. अडचण एकच, की त्याला वास नाही, आणि वास नसला तर वर्गातल्या पंधरा गमतींपुढे बुंदीला तो दिसतच नाही. उपाय सापडला तो उकळण्याच्या पाण्यात. कोंबडीच्या छातीचा एक तुकडा नुसत्या पाण्यात शिजवायचा, मीठ नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही, पाणी थंड करून वरची चरबी काढायची आणि त्यात घेवडा उकडायचा. शिजलेल्या कोंबडीचे वाटाण्याएवढे तुकडे, ग्रॅमला दीड-पावणेदोन कॅलरी, मी वेगळे ठेवते, फक्त अवघड प्रसंगासाठी: कुणी किंचाळलं, कुणी शेपटी ओढली. हे सगळं बर्फाच्या पिशवीसोबत न्यायचं आणि भेटीनंतर उरलेलं टाकायचं. पुन्हा फ्रीजमध्ये नाही.

कांदा-लसणाचं मुद्दाम सांगते, कारण इथे प्रत्येक घरातून तिच्यासाठी रस्सा येतो. दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या पेशी मोडतात, आणि मटणाच्या चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. शिजवलेलं हाडूक फुटून टोकदार होतं. रंकाळ्यावर फिरणाऱ्या एका आण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग जगायचं कशाला तिनं?" त्यांना मी २००२ मधला एक प्रयोग सांगितला: ४८ लॅब्रॅडॉर, जोड्या करून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं; कमी खाणारे सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. आण्णा काही बोलले नाहीत. पण आता खिशातून गाजर निघतं.

घरात सासूबाईंचा प्रश्न होता. तुपाची पोळी तिला त्यांच्या हातूनच हवी असायची, आणि त्यांना द्यायचीही असायची. सकाळी एका स्टीलच्या डबीत दिवसाचा सगळा खाऊ मोजून ठेवला: काही घेवडा, काही तिच्याच जेवणातले दाणे, जे २४० ग्रॅममधूनच काढलेले. "आई, यातलं हवं तेव्हा द्या, डबी संपली की संपलं." पहिल्या आठवड्यात डबी दहा वाजता रिकामी व्हायची. मग त्यांनीच संध्याकाळचे चार तुकडे पदराआड राखून ठेवायला सुरुवात केली.

शाळेची कागदपत्रं हा वेगळा अध्याय. पालकांच्या संमतीपत्रात दोन रकाने नवीन टाकले: मुलाला कोणत्या पदार्थाची ॲलर्जी आहे, आणि मूल वस्तू तोंडात घालतं का. फॉर्म ऑगस्टमध्ये वाटले, गणपतीत अडकले, शेवटचा दसऱ्यानंतर हाती आला. सोबत रेबीज आणि इतर लसींच्या कार्डाची प्रत, जंतनाशकाच्या तारखा, डॉक्टरांचा दाखला, खाऊची यादी. मुख्याध्यापिका बाईंनी ते समितीपुढे ठेवलं, समितीची बैठक महिन्यातून एकदाच. कुणी अशा कामाला लागणार असाल तर फॉर्म आधी वाटा, खाऊ मागाहून शोधा. फॉर्मना जास्त वेळ लागतो. चाचणीचे तुकडे सोडले तर या मधल्या काळात भेटी बिनखाऊच्या होत्या. एक मुलगा दर बुधवारी रिकामा तळवा बुंदीपुढे धरायचा, ती चाटायची, तो हसायचा. मला वाटलं, असंच राहिलं तरी चालेल. ओटी मॅडम मात्र म्हणाल्या की त्याची मूठ पुन्हा घट्ट होतेय.

वृद्धाश्रमात वेगळेच धोके निघाले. चहात बुडवलेलं बिस्कीट आम्ही गृहीत धरलं होतं. पण एका आजींच्या उशाशी सांगली-तासगावच्या बेदाण्यांची डबी होती आणि त्या प्रेमाने दोन-दोन द्यायला निघाल्या. द्राक्षं, बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, आणि किती खाल्ले तर बाधतील याचा भरवसा नाही. अलीकडे, २०२१ पासून, त्यातल्या टार्टरिक ॲसिडवर संशय आहे. त्याच कारणाने चिंचही दूर ठेवायची. दुसऱ्या आजोबांकडे मधुमेहींच्या बिनसाखरेच्या गोळ्या होत्या. त्यात झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरतात तो गोडवा असेल तर कुत्र्याच्या अंगात इन्शुलिन एकदम वाढून साखर कोसळते. आणि जमिनीवर पडलेली औषधाची गोळी तर कुठेही सापडते. म्हणून 'सोड' हा हुकूम आम्ही नव्याने पक्का करून घेतला, आणि आता खोलीत शिरण्याआधी मी स्वतः वाकून पलंगाखाली बघते. आजीआजोबांना कॅलरी सांगायच्या नाहीत, असं तिथल्या सेविका ताईंनी सुचवलं. "तिलापण पथ्य आहे म्हणा." ते लगेच कळलं सगळ्यांना. पथ्य काय असतं ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत!

वजन सप्टेंबरपर्यंत ३२.५ वर आलं, मग दिवाळीत अडलं. फराळ तिला कोणी दिला नाही, पण खाली सांडलेला शेव-चिवडा कुणी मोजलेला नाही, आणि चिवड्यातले बेदाणे शोधत मी दोन दिवस झाडू घेऊन फिरत होते. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक ते दोन टक्के उतरावं अशी अपेक्षा असते. आमचं एक टक्काही नव्हतं. डॉक्टरांनी खाणं आणखी कमी करायला नकार दिला आणि चालणं वाढवलं, विद्यापीठाच्या आवारात, पहाटे. जानेवारीच्या शेवटी आकडा आला ३०.१. फिटनेसचा दाखला मिळाला, 'वजन आणखी कमी करणे चालू' अशा शेऱ्यासकट.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या बाई परत आल्या. समितीच्या शिक्क्याचा कागद त्यांनी नीट वाचला, घेवड्याचा तुकडा स्वतः खाऊन बघितला, आणि सही केली. एक सूचना दिली, ती फार कामाची आहे: ज्या मुलांना तिच्या दातांची भीती वाटते किंवा पकड जमत नाही, त्यांना लांब दांड्याच्या लाकडी चमच्यात तुकडा ठेवून द्यायला सांगा. चमचा लक्ष्मीपुरीत तीस रुपयांना मिळाला. आठवड्याची भाजी साठ रुपयांच्या आत बसते, कोंबडी धरून शंभर-सव्वाशे.

आता चमच्यासाठी वर्गात रांग लागते, आणि ओटी मॅडमना पुढच्या महिन्यापासून चिमटा आणायचा आहे. त्यासाठी तुकडा लांब हवा, म्हणून मावशींना सांगून ठेवलंय की घेवडा जरा लांब शेंगांचा बघा.